घरामागं दीड गुंठा जागा आहे, गावरान वाण कुठले निवडू? (सांगली-कुपवाड)

परसबाग_कुपवाड | १२ एप्रिल, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. कुपवाडला घर बांधून झालं आणि मागं साधारण दीड गुंठा जागा उरलीय. बांधकामाचा राडारोडा उचलून दोन ट्रॉली काळी माती आणि एक ट्रॉली शेणखत टाकून घेतलंय. ऊन दिवसभर आहे, पाणी बोअरचं आहे पण जरा खारट लागतं. घरात पाच माणसं. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांचं लहानपण नदीकाठच्या गावात गेलं आणि दर वेळी भरली वांगी केली की त्या पहिला घास खाऊन गप्प बसतात, मग हळूच म्हणतात की आमच्या मळीतल्या (नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या) वांग्याला मसाला सुद्धा लागत नव्हता. तर मला सगळं गावरानच लावायचंय, बी धरून ठेवता येईल असं.
नेटवर हेअरलूम (म्हणजे पिढ्यान्पिढ्या जपलेले जुने वाण) म्हणून शोधलं तर सगळे परदेशी टोमॅटो येतात. मागच्या वर्षी भाड्याच्या घरी कुंड्यांसाठी एका ऑनलाईन दुकानातनं देशी बियाण्यांचा ४५ पाकिटांचा कॉम्बो घेतला होता, दुधी म्हणून लावला तो लाल भोपळा निघाला, पालक उगवलाच नाही, पाकिटावर ना तारीख ना वाणाचं नाव. यावेळी फसायचं नाही. काय लावू, कुठनं आणू, आणि दोन-चार फळझाडं पण सुचवा प्लीज.

माणदेशी_माती | १२ एप्रिल, रात्री १०:०२
ताई, काय लावू हे विचारायच्या आधी एक काम करा. पंधरा दिवस घरात काय काय भाजी शिजली ते कॅलेंडरवर लिहा. आम्ही पहिल्या वर्षी हौसेनं २२ प्रकार लावले आणि त्यातलं पडवळ आमच्यात कुणी खात नाही हे पडवळ लागल्यावर कळलं. जे ताटात येतं तेच लावा, त्याचंच बी धरलं जातं.
दुसरं म्हणजे गावरान हा शब्द गावाला चिकटलेला आहे. मी दहिवडीजवळचा, आमच्याकडं पाऊस कसाबसा ५०० मिलिमीटर, महाबळेश्वरला त्याच्या दहापट कोसळतो, आणि दोन्ही सातारा जिल्ह्यातच. डोंगरातली काकडी मी दोन वर्षं लावून बघितली, उन्हानं पान करपून जायचं. आमच्या मटकी-हुलग्याला तिकडं नेलं तर कुजतील. तुम्ही बी शोधायचं ते मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यातलं.

कराडचा_कृषी_सहायक | १३ एप्रिल, सकाळी ७:३०
मी खात्यातनं निवृत्त झालोय, आता घरची वीस गुंठे बागायत बघतो. थोडं सविस्तर लिहितो कारण इथंच बहुतेकांचा घोळ होतो.
बी तीन तऱ्हेचं मिळतं. एक संकरित म्हणजे हायब्रीड, दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम केलेला संकर, पाकिटावर संकरित किंवा एफ-वन लिहिलेलं असतं. पहिलं पीक एकसारखं आणि भरघोस येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं की एक झाड आजीवर, एक आजोबावर, सगळी सरमिसळ. दुसरं सुधारित सरळ वाण, हे विद्यापीठांनी निवडून स्थिर केलेले असतात आणि त्यांचं बी धरता येतं. परभणी क्रांती भेंडी, पुसा रूबी टोमॅटो, पुसा ज्वाला मिरची, पुसा नवबहार गवार, राहुरीच्या विद्यापीठाचा सम्राट दुधी, हिरकणी कारलं, हिमांगी काकडी हे सगळे या गटातले. तिसरं खरं गावरान, जे कुणी बाजारात आणलेलं नाही, घरोघरी बायकांनी निवडत निवडत टिकवलंय.
तुम्ही फक्त तिसरंच धरून बसू नका असं माझं प्रामाणिक मत आहे. भेंडीचंच घ्या. पांढरी माशी केवडा रोग पसरवते, पानं पिवळी पडतात, शिरा पिवळ्या दिसतात आणि आपल्याकडं पावसाळ्यात जुनी भेंडी त्यात बसते. परभणी क्रांती या रोगाला तग धरते म्हणूनच काढलेली. पहिल्या वर्षी सरळ वाणाची भेंडी, दुधी, गवार लावून बी धरायला हात बसू दे. वांगं, घेवडा, पालेभाज्या मात्र गावरान शोधा, त्यात चवीचा फरक जिभेला लगेच कळतो.
आणि बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते हाताळून झाल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी चुकूनही खाण्यात जाऊ देऊ नका.

नवा_शेतकरी_इस्लामपूर | १३ एप्रिल, सकाळी ९:१५
हायब्रीड म्हणजे जीएमच ना शेवटी? म्हणून तर आम्ही हायब्रीडचा टोमॅटो घरात आणणं बंद केलं.

कराडचा_कृषी_सहायक | १३ एप्रिल, सकाळी ९:४०
नाही दादा. संकर म्हणजे एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर, मधमाशी करते तेच माणसानं केलं. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घातलेलं. आपल्या देशात शेतकऱ्याला लावायला मोकळीक आहे ती बीटी कापसालाच, बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मधे सरकारनं स्थगिती आणली ती अजून आहे. बाजारातला टोमॅटो चवीला कमी असेल पण कारण वेगळं, जाड सालीचा, लांबच्या प्रवासात न फुटणारा वाण निवडलाय आणि कच्चा तोडलाय.

भिलवडीची_सून | १३ एप्रिल, दुपारी ३:२०
वांग्याचा विषय निघाला म्हणून लिहितेय, लांब होईल, वाचा.
आमच्यात सासूबाईंच्या सासूपासनं चालत आलेलं वांगं आहे. फिकट जांभळं, त्यावर पांढऱ्या रेघा, देठाला असे काटे की तोडताना बोट जपावं लागतं. चुलीवर फोडणीत पडलं की दहा मिनिटात लोणी, आणि बी दाताखाली येत नाही. दर वर्षी दुसऱ्या तोड्यातलं सगळ्यात देखणं फळ हेरून त्याच्या देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे घरातल्या कुणी ते तोडायचं नाही. ते झाडावरच पिवळंधमक होऊ द्यायचं, मग चिरून पाण्यात कुस्करायचं, बुडालेलं बी घ्यायचं, तरंगलेलं टाकून द्यायचं, सावलीत सुपात वाळवायचं आणि राखेत कालवून गाडग्यात. दोडक्याचं पण तसंच, आमचा दोडका लांबीला वीतभर, शिरा धारदार, दुसऱ्या गाडग्यात असायचा.
ऑगस्ट २०१९ ला कृष्णामाईचं पाणी घरात आलं. आधीच्या अनुभवानं धान्य आणि भांडी माळ्यावर चढवली होती, गाडगी पण वर ठेवली, यापेक्षा वर पाणी येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. माळ्यावर पण पाणी आलं. आम्ही जनावरं घेऊन आधीच बाहेर पडलो होतो. दहा-बारा दिवसांनी परत आलो तर गाडगी शाबूत, आत राखेचा लगदा आणि बी कुजून वास मारत होतं. सासूबाईंनी भिंतीवरच्या ओलीकडं बघितलं नाही, गाडगं मांडीवर घेऊन बसल्या आणि बोटानं लगदा चाळत होत्या, एखादं तरी चांगलं दाणं मिळतंय का म्हणून.
वांगं वाचलं. कारण नणंदबाईंना विट्याला दिल्यावर त्यांनी लग्नानंतर दोन वर्षांनी रोपं नेली होती आणि त्या दर वर्षी लावतात. चमचाभर बी पुडीत बांधून पाठवलं. दोडका गेला. तो आम्ही कुणालाच दिलेला नव्हता, द्यायचा नाही असं काही नव्हतं, कुणी मागितला नाही आणि आम्ही विचारलं नाही. आज पण पावसाळ्यात बाजारात दोडका बघितला की सासूबाई हातात घेऊन शिरा दाबून बघतात आणि परत ठेवतात.
कुपवाडच्या ताई, तुम्हाला वांग्याचं बी मी देते. अट एकच, पुढच्या वर्षी तुम्ही ते तिघींना द्यायचं, आणि त्यातली एक तरी नदीपासनं लांब राहणारी पाहिजे.

माणदेशी_माती | १३ एप्रिल, दुपारी ४:०५
वहिनी, वाचून गलबललं. आम्हाला पण द्या, आमच्याकडं पूर येत नाही. दुष्काळ येतो, त्यात आमचं बी गेलं तर तुमच्याकडनं परत घेऊ.

परसबाग_कुपवाड | १३ एप्रिल, सायंकाळी ६:३०
भिलवडीच्या ताई, सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. काटेरी देठ म्हटल्यावर त्यांनी मधेच थांबवलं आणि रेघा पांढऱ्याच ना असं तीनदा विचारलं. मी रविवारी येते बी न्यायला, अट मान्य.

कोरेगावकर | १४ एप्रिल, सकाळी ८:००
आमच्या वाघ्या घेवड्याचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? दाण्यावर वाघासारखे पट्टे म्हणून वाघ्या. २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय. मृगाच्या पावसावर पेरायचा, अडीच महिन्याच्या आत-बाहेर काढणीला येतो, झाड बुटकं असतं त्यामुळं मांडव लागत नाही आणि परसबागेत वाफ्याच्या कडेनं सहज बसतो. उसळ करून बघा, दाणा मेणासारखा शिजतो.
तुमचं बोअर खारट आहे म्हणता ना, घेवडा खारट पाण्यावर मान टाकतो, पण पावसाळ्यातलं पीक असल्यानं तुम्हाला बोअरचं पाणी द्यायची वेळच कमी येईल. पाणी साचू देऊ नका एवढंच, काळ्या मातीत वाफा जरा उंच करा. शिवाय याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत फळधारणा होते, त्यामुळं शेजारी दुसरा घेवडा असला तरी बी फारसं बिघडत नाही. नवख्या माणसानं बी धरायला शिकायचं तर घेवड्यापासनं शिकावं.

गच्चीवरची_सातारकर | १४ एप्रिल, सकाळी ११:४५
परदेशी हेअरलूम टोमॅटोचा माझा अनुभव सांगते, मी तीन वर्षं मनापासून प्रयत्न केलाय. ब्रँडीवाइन आणि चेरोकी पर्पल, दोन्ही अमेरिकेतले जुने नावाजलेले वाण, चेरोकी पर्पलचं बी तर टेनेसीच्या एका माणसानं १९९० मधे पत्रातनं पाठवलं आणि तिथनं ते जगभर गेलं. गोष्ट इतकी सुंदर की मी लगेच मागवलं. फेब्रुवारीत लावले, झाड छातीएवढं झालं, फुलं भरपूर आणि सगळी गळाली. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री पण उकाडा असला की टोमॅटोचं फूल धरतच नाही, त्यात हे मोठ्या फळाचे वाण जास्तच नाजूक. मग तिसऱ्या वर्षी ऑगस्टअखेर रोपं केली, थंडीत पाच फळं मिळाली, चव खरंच अप्रतिम होती, पण सात झाडांना पाच फळं.
त्याच गच्चीवर आईनं आणलेला गावरान टोमॅटो आहे, चपटा, खांद्याला घड्या पडलेला, साल पातळ, आमटीला नुसता चुरडला तरी चिंच लागत नाही. तो उन्हातही थोडाफार धरतो आणि काहीच केलं नाही तरी कुंडीत आपोआप उगवतो. टोमॅटोचं बी काढताना गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरा थर आला की धुवा, बियांवरची बुळबुळीत पिशवी सुटते आणि मग कागदावर नको, ताटलीत वाळवा, कागदाला चिकटून बसतं.

नवा_शेतकरी_इस्लामपूर | १४ एप्रिल, दुपारी १२:१०
पण टोमॅटो मुळात आपला नाहीच ना, मग त्याला गावरान कसं म्हणायचं?

गच्चीवरची_सातारकर | १४ एप्रिल, दुपारी १२:३०
मिरची, बटाटा, पेरू, पपई, सीताफळ, आणि वरचा वाघ्या घेवडा सुद्धा मूळचा अमेरिका खंडातला आहे दादा, पोर्तुगीज आले त्यानंतरचं हे सगळं. चार-पाचशे वर्षं आपल्या मातीत आणि आपल्या बायकांच्या निवडीत राहिलं की ते आपलंच. वांगं आणि काकडी मात्र आधीपासनं इथली.

कराडचा_कृषी_सहायक | १४ एप्रिल, रात्री ८:२०
आता वेलांबद्दल, कारण ४५ पाकिटांतल्या दुधीचं कोडं पाकीट बदलल्याचं असेल पण पुढं तुमच्याच घरी बी बिघडेल ते वेलांमुळं. घेवडा, टोमॅटो यांना शेजाऱ्याची भीती कमी. वांगं आणि मिरचीत किडे थोडाफार संकर करतात. वेलांना मात्र नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, सगळं काम मधमाशीवर, आणि ती शेजारच्या कंपाउंडमधे जाऊन येते. दुधीचा दोडक्याशी संकर होत नाही, पण तुमच्या दुधीचा शेजारच्या संकरित दुधीशी होतो. फळ त्या वर्षी तुमचंच दिसतं, फरक पुढच्या वर्षी कळतो. भोपळी मिरचीशेजारी लवंगी लावून बी धरलेल्यांना हे माहीत असेल.
उपाय सोपा आहे. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी मादी कळी बघून ठेवा, मागं बोटाएवढा दुधी असतो ती मादी, नुसत्या देठावर असते ती नर. दोन्ही कळ्या दोऱ्यानं हलक्या बांधा. संध्याकाळी सोडा, नर फुलाच्या पाकळ्या काढून परागकण मादीला लावा, मादी परत बांधा आणि देठाला भिलवडीच्या वहिनींसारखा लाल दोरा. त्या फळाला वेलावरच वाळू द्या, हलवलं की आत बी वाजलं पाहिजे.
एक गंभीर गोष्ट. दुधी, काकडी, दोडका शिजवायच्या आधी टोकाचा बारीक तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा, फळ टाकून द्यायचं आणि त्या वेलाचं बी अजिबात धरायचं नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.

भिलवडीची_सून | १४ एप्रिल, रात्री ९:००
पालेभाज्यांचं राहिलं. पोकळा, तांदळी, चाकवत, अंबाडी, शेपू, चुका हे मागून मिळतं, विकत घ्यायची गरज नाही, कुणाच्या पण रानात दोन झाडं बियाला सोडलेली असतात. मुळ्याची चार झाडं काढू नका, डिंगऱ्या येतील, थोड्या भाजीला खा आणि थोड्या वाळवा. मेथी दसऱ्यानंतर.

तासगावचा_बागवान | १५ एप्रिल, सकाळी ६:५०
फळझाडांचं कुणी बोललं नाही म्हणून मी. दीड गुंठ्यात आंबा लावायचा मोह आवरा, रायवळची कोय लावली तर सात-आठ वर्षांनी फळ येणार, ते पण आईसारखं येईलच असं नाही, आणि तोवर भाजीवर सावली पडलेली असणार. माहेरच्या एखाद्या झाडाचा आंबा जपायचाच असेल तर त्याची काडी आणून कलम करून घ्या, आणि तो भावाच्या शेताच्या बांधाला लावा.
तुमच्याकडं लिंबू पाहिजेच. कागदी लिंबाचं बी लावलं तरी बहुतेक रोपं आईसारखीच येतात, त्याचं बी तसं असतं. पेरू बियाचा लावू नका, सरदार पेरूचं म्हणजे एल-४९ चं कलम घ्या, हा पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत १९२७ मधे निवडलेला वाण, शंभरी गाठत आला तरी त्याच्या पंगतीला बसणारा अजून कमीच. सीताफळ बियाचं चालेल, पाणी कमी लागतं. पपई गावरान लावणार असाल तर एका खड्ड्यात तीन रोपं लावा, फुलं आल्यावर नर ओळखून काढा, एखादा नर मात्र ठेवा नाहीतर फळ धरायचं नाही. आणि खारट पाण्यावर पपई रुसते, त्यापेक्षा चिकू आणि डाळिंब बरंच सोसतात. शेवग्याला बी नको, पावसाच्या तोंडावर कुणाच्या तरी गावरान शेवग्याची मनगटाएवढी फांदी मागून आणा आणि रोवा.
सगळी झाडं उत्तरेच्या कडेला घ्या. थंडीत ऊन दक्षिणेकडनं तिरपं येतं, झाडं दक्षिणेला असली तर ऐन हंगामात मेथी-वांग्यावर दिवसभर सावली.

परसबाग_कुपवाड | १६ एप्रिल, रात्री १०:३०
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. अक्षय्य तृतीयेला आळी घालून दुधी आणि काकडी, दोन्ही सरळ वाण. मृगात वाघ्या घेवडा आणि भेंडी. वांग्याचं रोप जूनमधे. पालेभाज्या सासूबाईंच्या मैत्रिणींकडनं. झाडं फक्त तीन, लिंबू, सीताफळ, शेवगा, आणि जागा उरली तर चिकू. टोमॅटो सातारच्या ताईंकडनं मिळाला तर आनंद.
एक शंका, असं बी एकमेकांत वाटणं कायद्यानं चालतं ना? कुणीतरी घाबरवलंय मला.

कराडचा_कृषी_सहायक | १७ एप्रिल, सकाळी ७:१०
निर्धास्त राहा. २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला बी राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, वाटणं, विकणं सगळं मोकळं आहे. फक्त ब्रँड लावून पाकिटात विकायचं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० मधे पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बी जपून वाटल्याबद्दलच.
पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण बघा. सात-आठ उगवल्या तर पेरा, चार उगवल्या तर दुप्पट टाका. कारल्याचं कवच जाड असतं, ते रात्रभर भिजवा.

गच्चीवरची_सातारकर | १७ एप्रिल, सकाळी ९:००
टोमॅटोचं बी साध्या टपालानं पाठवते, व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या.

परसबाग_कुपवाड | ९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:४५
धागा वर काढतेय. दुधीनं भरपूर दिलं, काकडीला फळमाशीनं पोखरलं, अर्ध्याहून जास्त गेली. वाघ्या घेवडा साडेतीन किलो झाला, एक किलो बियाला ठेवलाय. चिकूला जागा उरली नाही.
वांगं सप्टेंबरात लागलं. शेंडे सुकायला लागले तशी अळी म्हणून रोज सकाळी सुकलेला शेंडा खुडून काढत गेले, त्यानं आवरलं. पहिल्या तोड्याची भरली वांगी केली. सासूबाई पहिला घास खाऊन गप्प बसल्या, मी वाट बघत होते, त्यांनी दुसरं वांगं वाढून घेतलं.
लाल दोरा दोन फळांना बांधलाय. एक आता पूर्ण पिवळं झालंय, सालीला थोडं तपकिरी यायला लागलंय, पण देठ अजून हिरवा आहे. काढू का थांबू?

भिलवडीची_सून | ९ नोव्हेंबर, रात्री ८:३०
थांबा. अजून आठ दिवस तरी, दाबलं की बोट आत जाईल तेव्हा काढा. तिघींची नावं ठरली का?

परसबाग_कुपवाड | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०
दोघी ठरल्या, एक गल्लीतली, एक जतची मावशी. तिसरी पुडी सासूबाईंनी स्वतःकडं मागितलीय, त्यांना माहेरी भावाच्या मळीत परत लावायचंय.

माणदेशी_माती | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०
ती तिसरी मोजू नका, ती नदीकाठीच चाललीय. आम्हाला द्या. एप्रिलपासनं नंबर लावलाय.